वॉर्डातलं ट्रेनिंग पेशंटच्या बेडपर्यंत कसं न्यायचं

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, मी तेव्हा मेडिसिन वॉर्डला नुकतीच इन्चार्ज झाले होते. एक आजोबा ॲडमिट होते, शुगर काही केल्या खाली येत नव्हती. इन्सुलिनचा डोस वाढवला, परत एचजीटी केली, म्हणजे बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली, परत तीनशेच्या वर, परत डोस वाढवला, असं दोन दिवस चाललं आणि डोस २० युनिटवर गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या सिस्टरने नेहमीसारखंच २० युनिट दिलं आणि तासाभराने आजोबा घामाने भिजलेले, हाक मारली तर ओ देईनात, शुगर चाळीसच्या घरात. २५% डेक्स्ट्रोज दिलं, आजोबा शुद्धीवर आले, वाचले. मग आम्ही डस्टबिनमधल्या सिरिंज बघितल्या तेव्हा कळलं की दोन दिवस नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली केशरी टोपीची सिरिंज वापरली जात होती, म्हणजे एका मिलीला १०० युनिटवाली, आणि वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, होती एका मिलीला ४० युनिटची. त्या सिरिंजवरच्या २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं की पेशंटला जातात फक्त ८ युनिट. सकाळच्या सिस्टरने लाल टोपीची, म्हणजे बरोबर सिरिंज घेतली आणि आजोबांना पहिल्यांदाच खरे २० युनिट मिळाले.

त्या दिवशी मी सगळ्यांच्या फायली काढून बसले. डायबेटिसच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट त्या वॉर्डात चौघींकडे होतं, माझ्याकडे पण होतं. ते डोक्यातून गेलंच नाही कधी, आणि आज जे लिहितेय ते त्यामुळेच. सतत शिकत राहा असं सगळेच सांगतात पण वॉर्डात ते नेमकं कसं करायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून मी जे करत आले ते सांगते, इन्चार्ज सिस्टरसाठी जास्त, पण नवीन स्टाफला पण उपयोगी पडेल.

आधी तासांचं बोलून टाकू कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू होतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या नर्सिंग शिक्षणाचे, १५० तास धरलेत, म्हणजे वर्षाला सरासरी ३० तास. कोणत्या कार्यक्रमाला किती पॉइंट हे कार्यक्रमाला जायच्या आधीच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेप्रमाणे तपासून घ्या, नंतर नाही. सर्टिफिकेट मिळालं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा आणि एका फाइलला लावा, कारण पाचव्या वर्षी शेवटच्या महिन्यात धावपळ करणारे खूप बघितलेत मी, आणि मग जे मिळेल त्या विषयाचे तास गोळा केले जातात, आयसीयूची सिस्टर कुठल्यातरी भलत्याच विषयाला जाऊन बसते. तास पूर्ण व्हायलाच हवेत, ती नोकरीची गरज आहे, पण तास म्हणजे शिकणं नव्हे आणि शिकणं म्हणजे पेशंटला फायदा असंही नाही, या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरं काम मधल्या अंतरात आहे.

सुरुवात विषय निवडण्यापासून. विषय मोबाइलवर शोधू नका, तो तुमच्या वॉर्डातच पडलेला असतो. मागच्या महिन्याचं ओव्हरचं, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती देण्याचं, रजिस्टर उघडा, रात्री आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, कशासाठी सगळ्यात जास्त कॉल गेले ते बघा, कोणत्या पेशंटला अचानक आयसीयूत हलवावं लागलं, कोणाला बेडसोर झाला, कोणाची आयव्हीची जागा सुजली. मावशींना आणि मामांना पण विचारा, ते चोवीस तास बघत असतात, आमच्याकडे एका मावशींनीच सांगितलं होतं की तीन नंबर क्यूबिकलमधला हँडरबचा पंप महिनाभर तुटलेला आहे आणि आम्ही तिकडे हात धुण्यावर लेक्चर ठेवायच्या गोष्टी करत होतो. मग निघालेल्या विषयातला एकच घ्या, महिनाभरासाठी एकच. निवडताना मी बघते की हे चुकलं तर पेशंटच्या जिवावर येतं का, हे आपल्याकडे वारंवार घडतं का, आणि हे बदलणं आपल्या हातात आहे का. तिसरं फार महत्त्वाचं, व्हेंटिलेटर नाहीयेत हा विषय खरा आहे पण तो पंधरा मिनिटांच्या सेशनने सुटणार नाही, तो मॅट्रन मॅडमकडे लेखी द्यायचा विषय आहे.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट: शिकवायच्या आधी मोजा. वॉर्डात हातात येतील ते २० टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायचे चार्ट, घ्या आणि फक्त श्वासाचा कॉलम बघा. सगळीकडे २०, २०, २२, २० असं लिहिलेलं दिसलं तर समजून जा की कोणी मोजलेलं नाही. न्यूमोनियाचा पेशंट आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेला पेशंट, दोघांचा श्वास २० कसा असेल? आणि हा कॉलम सगळ्यात महागात पडणारा आहे कारण पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये पेशंट बिघडतोय का हे ओळखायला न्यूज नावाचा स्कोअर आणला, २०१७ ला त्याची सुधारित आवृत्ती आली, त्यात श्वास, ऑक्सिजन सॅच्युरेशन, ऑक्सिजन चालू आहे का, वरचं बीपी, पल्स, शुद्ध आणि ताप यांना मार्क देतात. श्वास १२ ते २० असेल तर शून्य, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा जास्त झाला की एकट्या श्वासालाच ३, म्हणजे बाकी सगळं ठीक असलं तरी डॉक्टरला बोलवायचं. एकूण ५ किंवा ६ झाले तर तातडीने बघायचं आणि ७ किंवा जास्त झाले तर इमर्जन्सी. आता विचार करा, ज्या वॉर्डात सगळ्यांचा श्वास २० लिहिला जातो तिथे हा स्कोअर भिंतीवर लावला काय आणि नाही लावला काय. म्हणून आमचा त्या महिन्याचा विषय स्कोअर नव्हता, घड्याळाकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे एवढाच होता, आणि पेशंटला सांगायचं नाही की श्वास मोजतेय, नाडीवर बोटं तशीच ठेवून छातीकडे बघायचं, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो.

महिना संपल्यावर परत २० चार्ट काढायचे आणि तोच कॉलम बघायचा. हे करायला कॉम्प्युटर लागत नाही, वहीच्या मागच्या पानावर होतं. पण नावं लिहायची नाहीत, कोणाचा चार्ट आहे हे लिहिलं की पुढच्या वेळी सगळे चार्ट सुंदर दिसतील आणि पेशंट तसाच राहील.

पंधरा मिनिटं कुठून आणायची हा दुसरा प्रश्न, आणि खरा प्रश्न आहे कारण तीस-चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना शिकवणार कधी. आमच्याकडे दुपारच्या ओव्हरच्या वेळी मॉर्निंग आणि इव्हिनिंगचा स्टाफ थोडा वेळ एकत्र असतो, ती वेळ आम्ही धरली. नाईट करून आलेल्या सिस्टरला सकाळी थांबवून लेक्चर देऊ नका, ती ऐकतच नसते आणि तिला ऐकू येण्यासारखी तिची अवस्थाही नसते, त्यापेक्षा तुम्ही आठवड्यातून एकदा रात्री अर्धा तास लवकर या किंवा नाईटच्याच एका सिस्टरला आधी शिकवा, ती बाकीच्यांना शिकवेल. एकच सेशन त्या आठवड्यात तीन-चार वेळा घ्यावं लागतं म्हणजे सगळ्या शिफ्ट येतात, कंटाळा येतो पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

आणि प्रोजेक्टर नको, वस्तू हातात द्या. इन्सुलिनचं सेशन आम्ही कसं घेतो ते सांगते म्हणजे अंदाज येईल. एका ट्रेमध्ये ४० ची रिकामी वायल पाणी भरून, १०० ची एक रिकामी वायल, लाल टोपीच्या सिरिंज, केशरी टोपीच्या सिरिंज आणि एक साधी २ सीसीची, सगळं मिसळून ठेवायचं आणि एवढंच सांगायचं की १० युनिट काढा. मग सगळ्यांच्या सिरिंज शेजारी शेजारी ठेवायच्या. ४० ची वायल आणि केशरी सिरिंज घेतली असेल तर १० च्या खुणेला पेशंटला ४ युनिट जातात. उलटं झालं, म्हणजे १०० ची वायल आणि लाल सिरिंज, तर १० च्या खुणेला २५ युनिट जातात, आणि हे दुसरं पेशंटला मारू शकतं. हे बोलून सांगितलं तर माना हलतात, स्वतःच्या हाताने चुकीचं भरलेलं डोळ्यांसमोर आलं की चेहरा बदलतो, मी तो चेहरा बऱ्याच जणींचा बघितलाय, आणि ती सिस्टर परत कधी वायलचं लेबल न वाचता इन्सुलिन भरत नाही. रंगावर पण पूर्ण भरवसा नको हे त्याच सेशनमध्ये सांगा, वायलवर जो आकडा आहे तोच सिरिंजवर आहे का, एवढं वाचायचं आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवायचं. सेशन झाल्यावर लगेच वॉर्डातली एक गोष्ट बदलायची, आम्ही इन्सुलिनच्या ट्रेमधून दुसऱ्या सगळ्या सिरिंज काढल्या आणि नातेवाइकांच्या चिठ्ठीवर फक्त इन्सुलिन सिरिंज न लिहिता ४० वाली असं लिहायला सुरुवात केली. शिकवलं पण ट्रे तसाच ठेवला तर गर्दीच्या वेळी हात जे सापडेल ते उचलणार, त्यात सिस्टरचा दोष नाही.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं, तसंच. त्याच्या बीएलएस कोर्सचं कार्ड दोन वर्षं चालतं पण हात तीन ते सहा महिन्यांत विसरायला लागतात. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ सेंटिमीटरपेक्षा कमी नाही आणि ६ च्या पुढे नाही, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे तोंडपाठ असतं सगळ्यांना, पण दोन मिनिटं सलग दाबून बघा, दुसऱ्या मिनिटाला खोली कमी होतेच. मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, ट्रेनिंग सेंटरला कुलुपात असेल तर मागून घ्या, महिन्यातून एक दिवस वॉर्डात ठेवा, जाता येता प्रत्येकाने दोन मिनिटं. आणि त्याच दिवशी न सांगता एक ड्रिल करा, बेड अमुकचा पेशंट पडला, क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या सामानाची ट्रॉली, आणा, आणि घड्याळ लावा. पहिल्यांदा केलं तेव्हा आमच्या कार्टच्या ड्रॉवरची किल्ली दुसऱ्याच कपाटात निघाली आणि लॅरिंगोस्कोपचे सेल संपलेले होते, बरं झालं ते ड्रिलमध्ये कळलं.

एकदा शिकवून सोडून दिलं तर काय होतं याचं आपल्याच देशातलं मोठं उदाहरण आहे. उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांमध्ये बाळंतपणाच्या वेळी डब्ल्यूएचओची चेकलिस्ट वापरायची आणि कोच येऊन नर्सना शेजारी उभं राहून शिकवणार असा बेटरबर्थ नावाचा अभ्यास झाला, २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. कोचिंग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी बघितलं तर करायला हव्या त्या गोष्टींपैकी जवळजवळ ७३% होत होत्या, कोच नसलेल्या ठिकाणी ४२%. कोचिंग आठ महिन्यांनी थांबलं, बाराव्या महिन्यात परत बघितलं तर ७३ चे ६२ झाले होते. म्हणजे शेजारी कोणी उभं असलं की सवय लागते आणि ते माणूस गेलं की सुटायला लागते. आणि हे पण खरं सांगायला हवं की त्या अभ्यासात आई आणि बाळांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. मला यातून कळतं ते असं की चेकलिस्टवर टिक वाढणं आणि पेशंट वाचणं यात अजून बऱ्याच गोष्टी असतात, औषध वेळेला हाताशी आहे का, वरचा डॉक्टर येतो का, पेशंट पुढे पाठवायची सोय आहे का.

याच्या उलट उदाहरण २०२३ चं, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियामधल्या ८० हॉस्पिटलचं. डिलिव्हरीनंतर किती रक्त गेलं हे आपण नजरेने सांगतो आणि नेहमी कमी सांगतो. तिथे खुणा केलेली पिशवी आईखाली लावली म्हणजे रक्त मोजता आलं, आणि रक्त जास्त गेलं की गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्सामिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकाच दमात करायचं असं लेबर रूममध्येच शिकवलं, प्रत्येक ठिकाणी तिथल्याच सुईणींना पुढे केलं आणि दर थोड्या दिवसांनी त्यांचेच आकडे त्यांना दाखवले. जास्त रक्तस्राव ओळखण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीने चाललेल्या हॉस्पिटलमध्ये ५१% होतं आणि इथे ९३%, आणि गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू हे सगळं मिळून ६०% कमी झालं. ट्रेनिंग होतं, पण सोबत पिशवी होती, औषधं एकत्र ठेवलेली होती आणि आकडे परत दाखवणारं कोणीतरी होतं. लेबर रूमच्या सिस्टरनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

शिकलेलं बोलता आलं नाही तर ते पेशंटपर्यंत जात नाही, म्हणून एक महिना फोन करण्यावर घालवा. नवीन सिस्टर रात्री तीनला घाबरत फोन करते, सर बेड १२ च्या काकू जरा बऱ्या वाटत नाहीयेत, आणि तिकडून उत्तर येतं की ठीक आहे वॉच ठेवा. तिने बरोबर ओळखलेलं असतं पण शब्द नसतात. एसबीएआर, म्हणजे आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतंय आणि काय हवंय या क्रमाने सांगणं, सगळ्यांनी कॉलेजला वाचलंय, ते मराठीत तोंडी बसवा. सर, मी मेडिसिन वॉर्डमधून बोलतेय, बेड १२ च्या काकूंचा श्वास २८ आहे, संध्याकाळी १८ होता. न्यूमोनियासाठी काल ॲडमिट झाल्यात, अँटिबायोटिक चालू आहे. सॅच्युरेशन ९० आलंय, वरचं बीपी १०० आहे, थोड्या गोंधळलेल्या बोलतायत, मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघा, येईपर्यंत मी ऑक्सिजन लावते आणि एचजीटी करते. शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड जातं, आपल्याला डॉक्टरला येऊन बघा असं स्पष्ट म्हणायची सवय नसते, म्हणून दोघी दोघींनी एकमेकींना खोटे फोन लावून ते दहा वेळा म्हणायचं. आमच्या आरएमओ सरांना मी एकदा या सेशनला बसवलं होतं, त्यांनीच सांगितलं की आकडे आधी सांगितले तर मी झोपेतून पण लगेच उठतो.

आता माझी चूक. इन्चार्ज झाल्यावर पहिल्या वर्षी एका ज्युनिअरने स्वतःहून येऊन सांगितलं की मॅडम अँटिबायोटिक चुकून दुसऱ्या पेशंटला लावलं, लगेच बंद केलं. मी तिला सगळ्यांसमोर खूप बोलले. पेशंटला काही झालं नाही, पण त्यानंतर कितीतरी महिने माझ्याकडे कोणी एकही चूक घेऊन आलं नाही आणि मला वाटत होतं माझा वॉर्ड किती छान चाललाय. चुका थांबल्या नव्हत्या, माझ्यापर्यंत येणं थांबलं होतं. त्या मुलीची मी नंतर माफी मागितली. चूक सांगायला आलेल्या माणसाला आधी थँक यू म्हणा, पेशंट बघा, आणि मग ती चूक नाव न घेता पुढच्या सेशनचा विषय करा, यापेक्षा चांगला विषय मिळत नाही.

बाहेरच्या ट्रेनिंगला कोणाला पाठवलं तर मॅट्रन मॅडमकडून ती ड्युटी म्हणूनच मान्य करून घ्या, स्वतःचा ऑफ घालवून जायला लावू नका. आणि परत आली की आठवड्याच्या आत तिने पंधरा मिनिटं घ्यायची आणि वॉर्डातली एक गोष्ट बदलायची असा नियम ठेवा. बायोमेडिकल वेस्टचं, म्हणजे हॉस्पिटलमधल्या कचऱ्याचं, ट्रेनिंग २०१६ च्या नियमांप्रमाणे वर्षातून एकदा व्हायलाच हवं, ते पण कचऱ्याच्या बादल्यांसमोर उभं राहून घ्या.

तिकडे यूकेत गेलेल्या आपल्या मुली सांगतात की त्यांना दर तीन वर्षांनी ३५ तास दाखवावे लागतात, त्यातले २० इतरांसोबत शिकलेले, आणि सोबत पाच लेखी अनुभव, मी काय केलं, काय शिकले, आता काय वेगळं करते. हे आपल्याकडे कोणी मागत नाही पण मी वहीत लिहायला लागले, महिन्याला अर्धं पान, आणि वर्षाने वाचलं तर आपण कुठे बदललो ते स्पष्ट दिसतं.

स्टाफ कमी असताना हे सगळं कसं करायचं असं विचाराल तर मी खोटं बोलणार नाही, ट्रेनिंग हे स्टाफला पर्याय नाही. युरोपातल्या नऊ देशांच्या ३०० हॉस्पिटलचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेटला आला होता, त्यात प्रत्येक नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या मृत्यूची शक्यता ७% वाढलेली दिसली, आणि पदवीधर नर्सचं प्रमाण १०% ने जास्त असेल तिथे ती ७% कमी. दोन्ही आकडे एकत्र आहेत, म्हणून मॅनेजमेंटपुढे बोलताना दोन्ही सांगा, आमचं शिक्षण पण वाढवा आणि माणसं पण द्या.

आजोबांचं राहिलं. डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्या मुलाला समोर बसवलं, वायल दिली, दोन्ही सिरिंज दिल्या आणि म्हटलं, बाबांचा डोस काढून दाखव. त्याने केशरी उचलली. मग परत शिकवलं, परत काढायला लावलं, तीन वेळा बरोबर काढल्यावर सोडलं. पुढच्या फॉलोअपला तो आपणहून वॉर्डात येऊन सांगून गेला की मेडिकलवाल्याने परत १०० वाली दिली होती, मी वायल दाखवून बदलून घेतली. तेव्हापासून इन्सुलिनवर घरी जाणारा कोणताही पेशंट आमच्या वॉर्डातून स्वतःच्या किंवा घरच्यांच्या हाताने डोस काढून दाखवल्याशिवाय जात नाही, आणि ते बघायची ड्युटी आम्ही सगळ्यात ज्युनिअर सिस्टरला देतो.